युरोपात शिकायला चाललायस, पहिलाच लांबचा प्रवास आहे ना, मग एवढंच बघ

अरे घाबरू नकोस, पहिल्या वेळी सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. सामानाची भली मोठी यादी नंतर कर, आधी कागदपत्रं. पासपोर्ट, अ‍ॅडमिशन लेटर, राहण्याचा पत्ता, पैशांचा पुरावा आणि इन्शुरन्स, सगळ्याच्या प्रिंट एका फाइलमध्ये आणि ती फाइल पाठीवरच्या बॅगेतच. मी माझं लेटर चेक-इन बॅगेत टाकलं होतं आणि इमिग्रेशनवाल्याने नेमकं तेच मागितलं, मोबाइलमध्ये फोटो होता म्हणून निभावलं, पण हात अक्षरशः थरथरत होते.

दुसरं म्हणजे कनेक्शन, मधे विमान बदलायचं ते. शेंगेन देशात (आपापसात साधारणपणे पासपोर्ट तपासणी नसलेले युरोपातले देश) जाताना इमिग्रेशन पहिल्या शेंगेन एअरपोर्टवरच होतं, म्हणजे फ्रँकफर्टवरून बर्लिनला जाणार असशील तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होणार आणि तिथली रांग कधीकधी संपता संपत नाही. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नकोस, तीन तास तरी ठेव, आणि दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर हव्यात म्हणजे पुढची चुकली तर सोय एअरलाइनच करते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकतात, ती केबिनमध्येच लागते
- बॅग घरी वजन करत नाहीत, मग काउंटरसमोर उघडून बसतात
- दूध किंवा मांसाचे पदार्थ नेतात, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे

एक जोडी कपडे आणि औषधं जवळ ठेव, बॅगा कधीकधी मागे राहतात. बाकी सिमकार्ड, बँक वगैरे पोचल्यावर बघू, तेव्हा विचार.