घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव परत लावायला राजपत्र लागतंच का? मुलीचंही आडनाव बदलेल का?

लागतंच असं नाही. डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात, तुमचं लग्नापूर्वीचं पूर्ण नाव आलेलं असेल, तर आधार आणि पासपोर्टसाठी डिक्रीची प्रमाणित प्रत चालते. घोळ असा की बरेच वकील अर्जात फक्त सासरचं नाव टाकतात, आणि मग त्या कागदावरून माहेरच्या नावाचा पत्ताच लागत नाही. परस्पर संमतीचा अर्ज अजून दाखल व्हायचा असेल, तर 'सासरचं नाव ऊर्फ माहेरचं नाव' असं शीर्षकातच लिहायला लावा. डिक्री होऊन गेली असेल आणि तिच्यात माहेरचं नाव नसेल, तर सरळ महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा. नावबदल भाग दोनमध्ये छापून येतो, त्याची पीडीएफ जपून ठेवा.

खरी गडबड आडनावात होत नाही, मधल्या नावात होते. नवऱ्याचं नाव काढलं आणि वडिलांचं घालायचं राहिलं, की 'स्नेहा विजय जोशी'ची नुसती 'स्नेहा जोशी' होते आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नाही. अर्ज भरताना तेच प्रमाणपत्र समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर तिथून उतरवा. बोर्ड आडनाव आधी छापतं, तेवढा क्रम मात्र उचलू नका. दहावी, पदवी आणि जातीचा दाखला माहेरच्याच नावाने असेल, तर त्यांना हात लावायची गरज नाही.

क्रम: आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ. पॅनची दुरुस्ती ऑनलाइन ई-केवायसीने करायची तर नाव आधारशी तंतोतंत जुळावं लागतं, म्हणून आधार आधी. पॅनवर वडिलांचं नाव असतं, लग्न झालं तरी तेच राहतं. त्या रकान्यात नवऱ्याचं नाव घुसडलं असेल तर आत्ताच काढून टाका. दुरुस्तीचाच अर्ज करा. नवीन पॅन काढून दोन बाळगलीत तर 10,000 रुपये दंड आहे. पॅन आणि खात्यावरचं नाव वेगळं राहिलं तर आयकराचा परतावा अडकतो.

आधारमध्ये नाव फक्त दोनदा बदलता येतं. लग्नात एकदा, घटस्फोटात दुसऱ्यांदा, संपलं. पुढे पुन्हा लग्न करून परत नाव बदलायचं म्हटलं, तर अपवाद म्हणून आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे दाद मागावी लागते. म्हणून लग्नाआधीच्या मुलींना मी स्पष्ट सांगते, नाव बदलूच नका. बदललंच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही. विवाह नोंदणी नाव न बदलता होते आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव पती म्हणून वेगळ्या रकान्यात लागतं. 'नाव बदललं नाही तर रेशनकार्डात कशी घेणार?' हे सासूबाई, एजंट आणि लग्नाला आलेले निम्मे पाहुणे विचारतात. आधारवर जे नाव आहे त्याच नावाने घेणार, दुसरं काय! विवाहितेच्या नावात पतीचं नाव आणि आडनाव लावायची पद्धत शासनाने 2024 च्या निर्णयात कायम ठेवली, हे खरं. पण त्याच निर्णयात मालमत्तेच्या कागदांवर लग्नापूर्वीचं नाव नोंदवायची मुभाही दिली आहे. ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही.

आता उलट बाजू. नोकरीसाठी सासरचंच आडनाव ठेवावंसं वाटलं, तर मुंबई उच्च न्यायालयाचा 2010 चा एक निकाल आहे, त्यात घटस्फोटित पत्नीला माजी पतीचं नाव वापरायला मनाई झाली होती. पतीने हरकत घेतली तर अडचण येऊ शकते, वकिलाला विचारा.

मुलीचं आडनाव तुमच्याबरोबर आपोआप बदलत नाही. वडिलांची संमती किंवा कोर्टाचा आदेश धरूनच चाला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होतो आणि तोही शाळा सोडण्यापूर्वी. ती नववी-दहावीत असेल तर हे पहिलं हाती घ्या, तुमचं पॅन महिनाभर थांबेल. आणि हो, बँकेत जाल तेव्हा नॉमिनीही तपासा. घटस्फोट झाला म्हणून तिथलं नाव आपोआप निघत नाही.