लोहार चाळीतला हीटर मिसिसागात चालेल का?

मुलुंडहून कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागाला निघताना तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. घेतलेल्या टाउनहाउसमधली गॅसची फायरप्लेस, दीड वर्षाची मुलगी असल्याने, इलेक्ट्रिक करून घ्यावी का? आणि ते युनिट मुंबईच्या लोहार चाळीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, स्वस्तात आणता येईल का?

आणू नका. मुंबईत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इथे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडचा २००० वॉटचा हीटर इथे जेमतेम साडेपाचशे वॉट देईल, कारण व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथाईवर येते. वर विजेच्या उपकरणांना लागणारा इथला मान्य सुरक्षा शिक्का नाही (सीएसए वगैरे), म्हणजे इलेक्ट्रिशियन ते जोडूनच देणार नाही.

आता मुलीचं. खरा धोका तापलेल्या काचेचा आहे; क्षणभर हात लागला तरी भाजतं. भीती तेवढीच असेल तर काचेपुढे जाळी बसवा, काम थोडक्यात होईल. २०१५नंतरच्या युनिटला ती बहुधा असतेच. तेवढ्यासाठी भिंत फोडायला माझं मत नाही. शिवाय पायलट ज्योतीवर (सतत जळत राहणारी छोटी ज्योत) चालणारी जुनी गॅस फायरप्लेस वीज गेल्यावरही पेटते. डिसेंबर २०१३च्या बर्फवादळात टोरांटोतली लाखो घरं अंधारात होती, तेव्हा हा फरक फार मोठा होता.

तरीही बदलायचीच असेल, तर आधी अपेक्षा उतरवा. प्लगवर चालणारं इलेक्ट्रिक युनिट १५०० वॉटचं, म्हणजे ताशी साधारण ५१०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). गॅसची फायरप्लेस २० ते ४० हजार बीटीयूची असते. जानेवारीत हॉल तापवणार फर्नेसच, म्हणजे सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी. इलेक्ट्रिक ज्वाळा मुख्यतः बघायच्या. ताशी दीड युनिट जातं, आणि हिवाळ्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ते ७ हा महाग दराचा वेळ, नेमका शेकोटीचा.

गॅस बंद करणं टीएसएसए (इथली तांत्रिक सुरक्षा संस्था) परवानाधारक तंत्रज्ञाचंच काम. महानगर गॅसची पाइपलाइन वापरलेल्या माणसाला नुसता कॉक फिरवणं पुरेसं वाटतं. ते पुरेसं नाही: कॉक जुना झाला की झिरपतो. जोडणी सुटी करून पाइपच्या तोंडाला सीलंट लावून बूच बसवायचं, मग साबणाच्या पाण्याने गळती तपासायची. शक्य असेल तर ही फांदी मुख्य पाइपलाइनपाशीच बंद करून घ्या. मुख्य कॉकला हात नको, फर्नेस आणि गिझर त्यावरच असतात. आणि त्यामुळेच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नंतरही काढायचा नाही.

वायरिंगचा हिशेब सोपा आहे. १५०० भागिले १२०, म्हणजे साडेबारा अँपिअर. १५ अँपिअरच्या ब्रेकरवर सलग चालणारा भार १२च्या वर नको. फायरप्लेसच्या जुन्या खोक्यात पंख्यासाठी सॉकेट सापडलं म्हणून त्यातच प्लग खुपसला, की हॉलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर लावताच ब्रेकर पडतो. २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट, १२ गेजची तार. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, प्लग वितळतात. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून घ्या आणि ईएसएची (इथली वीज सुरक्षा संस्था) नोंद झाल्याचा कागद मागा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो धुराच्या पाइपाचा. डायरेक्ट व्हेंटला, म्हणजे भिंतीतून थेट बाहेर धूर सोडणाऱ्या बंद काचेच्या फायरप्लेसला, पाइपात पाइप असतो: आतल्यातून धूर बाहेर, बाहेरच्यातून हवा आत. गॅस काढला आणि हा तसाच ठेवला, तर भिंतीत उणे १५ अंशाची हवा खेळती राहते. घरातली दमट हवा त्या थंड पत्र्याला लागून पाणी सुटतं, पत्रा गंजतो, खाली डाग पडतात. पाइपात नुसता काचेचा कापूस कोंबून भागत नाही, त्यातून हवा जातेच. बाहेरची टोपी काढून भोकावर पत्रा आणि सीलंट, आत रॉकवूल, घराच्या बाजूने पॉलिथिनचा पडदा. टाउनहाउसच्या बाहेरच्या भिंतीला हात लावायला कॉन्डो कॉर्पोरेशनची परवानगी लागू शकते. आपल्या सोसायटीच्या एनओसीसारखीच ती आधी लेखी घ्या. आतल्या पत्र्यावर ‘व्हेंट बंद आहे, गॅस जोडू नये’ अशी चिठ्ठीही चिकटवा, पुढच्या मालकासाठी.

इन्सर्ट (जुन्या खोक्यात सरकवायचं इलेक्ट्रिक युनिट) मागवण्यापूर्वी खोक्याची चार मापं घ्या: पुढची रुंदी, मागची रुंदी, उंची, खोली. खोकं मागे निमुळतं असतं, त्यामुळे पुढचं माप धरून घेतलेलं ३० इंची इन्सर्ट अर्ध्यात अडकतं.

हे सगळं उन्हाळ्यात करा. थंडी पडली की गॅसवाले फर्नेस दुरुस्तीत गुंततात, आणि बर्फ धरलेल्या भिंतीला सीलंट चिकटत नाही.