कोलकात्यात कार्यक्रमाला जाणाऱ्या कलाकारांनी मोकळ्या दोन दिवसांत काय ऐकावं, काय बघावं, काय खावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याचा तिघांचा ग्रुप आहे, गायिका, पेटी आणि तबला, जानेवारीच्या शेवटी कोलकात्यात कार्यक्रम आहे आणि त्यानंतर दोन दिवस हातात आहेत, तर गाणं, चित्रं-शिल्पं आणि खाणं असं तिन्ही कसं जमवायचं. मी पण तबलावाला, साथीला म्हणून थंडीत तिकडे जाणं होतं, म्हणून लिहितोय. टुरिस्ट म्हणून जाणाऱ्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे ती "कोलकात्यात पाहण्यासारखी अमुक ठिकाणं" वाली यादी बंद करा. व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, बेलूर मठ, दक्षिणेश्वर असं टॅक्सीने धावत बसलात तर दोन दिवस ट्रॅफिकमध्ये जातील आणि हाताला काही लागणार नाही. त्यापेक्षा एकच रस्ता धरा, रवींद्र सरणी, जुनं नाव चितपूर रोड, तिथली माणसं अजून चितपूरच म्हणतात. शहर वसायच्या आधीपासूनचा रस्ता आहे हा, बागबाजारपासून लालबाजारपर्यंत, आणि तुम्हाला जे तिन्ही हवंय ते याच्या दोन्ही बाजूला पसरलंय. पूर्वी ट्राम जायची इथून, आता पायीच चाला, पाय दुखले तर बाजूने समांतर मेट्रो आहेच.

उत्तरेकडून सुरुवात करा, कारण दक्षिणेच्या टोकाला वाद्यांची दुकानं आहेत आणि ती काय अकराशिवाय उघडत नाहीत. सकाळी शोभाबाजार सुतानुटी मेट्रो स्टेशनला उतरा, आधी कुठल्याही कोपऱ्यावर हिंगाची कचोरी आणि बटाट्याची भाजी खा (द्रोणात मिळते, भाजी गोडसर असते, नाक मुरडू नका), आणि मग कुमारटुली, मातीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. सगळे लोक दुर्गापूजेच्या आधी जातात तिथे, पण माझं ऐकाल तर तुमच्यासारख्यांनी जानेवारीतच जावं, कारण तेव्हा वसंत पंचमी जवळ आलेली असते आणि अख्ख्या गल्लीत फक्त सरस्वत्या असतात. म्हणजे शेकड्याने. बोटभर उंचीच्या, माणसाएवढ्या, पेंढ्याचा नुसता सांगाडा असलेल्या, माती लिंपलेल्या, रंग दिलेल्या पण डोळे नसलेल्या. आणि वीणा वेगळी बनते! एका कारखान्यात बाजूला मातीच्या वीणांचा ढीग होता, नुसते भोपळे आणि दांड्या, आणि एक पोरगा एकेक उचलून देवीच्या हातात बसवत होता, हात आधीच त्या पोझमध्ये वळवलेला, बोटं अर्धवट मिटलेली. मी बघत बसलो की डाव्या हाताची बोटं नेमकी कुठे येतात. बहुतेक मूर्तींत चुकीची येतात, पण एक म्हातारे कारागीर होते त्यांची बरोबर होती, विचारलं तर म्हणाले घरात कोणीतरी सतार शिकायचं. गल्ली अरुंद आहे, माती वाहणारे लोक येत-जात असतात, मध्ये उभं राहून फोटो काढू नका आणि काढायचाच तर विचारून काढा. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या हलक्या गराचे दागिने बनवणारे पण तिथेच बसतात, ते बघाच.

तिथून खाली यायला लागलात की जात्राची वस्ती लागते. जात्रा म्हणजे आपल्याकडचा तमाशा नाही आणि संगीत नाटकही नाही, पण दोन्हीच्या मधलं काहीतरी समजा, गावोगाव फिरणारी मंडळं, आणि त्यांची ऑफिसं या रस्त्यावर आहेत. छोटीशी खोली, बाहेर भडक पोस्टर, आत टेबलामागे मॅनेजर, सीझन थंडीचाच असतो त्यामुळे बुकिंगला आलेले गावकडचे लोक बसलेले असतात. आपण "म्युझिशियन आहोत, महाराष्ट्रातून" सांगितलं की चहा येतो. हे मी पुन्हा सांगतो कारण महत्त्वाचं आहे, कोलकात्यात तुम्ही वाजवणारे-गाणारे आहात हे कळलं की माणूस वेगळाच बोलायला लागतो, लाजू नका, सांगून टाका.

मग जोडासाँको, ठाकूरबाडी, म्हणजे टागोरांचा वाडा. साडेदहानंतर जा आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. रवींद्रनाथ इथेच जन्मले १८६१ साली आणि इथेच गेले १९४१ साली, ती खोली आहे, पण मला तिथे जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ. पहिले भारतीय आयसीएस (इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी), नोकरी सगळी आपल्या मुंबई इलाख्यात, साताऱ्याला जज होते, आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेले त्यांनी. तुमची गायिका अभंग गात असेल तर हे माहीत असलेलं बरं, तिथल्या कार्यक्रमात अभंगाच्या आधी दोन वाक्यांत सांगितलंत तर प्रेक्षक खूश होतो, मी बघितलंय. आणि तुमच्या पेटीवाल्याला छेडायला एक गोष्ट देतो. हातपेटी, म्हणजे आपण मांडी घालून वाजवतो ती, तिला हे रूप दिलं ते याच शहरातल्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. आणि रवींद्रनाथांना पेटी बिलकूल आवडायची नाही! १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली त्यात त्यांच्या मताचंही वजन पडलं होतं, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे पेटीला जन्म देणारं शहर एक आणि तिला नाकारणारा तिथलाच.

महात्मा गांधी रोड जिथे क्रॉस होतो तिथे बँडवाल्यांची दुकानं आहेत, मेहबूब बँड वगैरे. काचेमागे युनिफॉर्म, टांगलेली पितळी वाद्यं, क्लॅरिनेट. दुपारी वादक मंडळी निवांत असतात, बरेचसे बिहारकडचे. पाच मिनिटं थांबा, जास्त नाही.

आता जेवण. नाखोदा मशिदीसमोर रॉयल इंडियन हॉटेल, १९०५ चं. मटण चाप आणि रुमाली रोटी मागवा, बिर्याणी एक तिघांत. इथे जरा थांबून सांगतो, कोलकात्याची बिर्याणी आणि कोलकात्याची ठुमरी दोन्ही एकाच माणसाच्या सामानातून आल्या असं म्हटलं तरी चालेल, अवधचा नवाब वाजिद अली शाह. इंग्रजांनी राज्य घेतलं, १८५६ मध्ये हा इकडे आला आणि इथल्याच मटियाबुर्ज भागात राहिला तो १८८७ ला मरेपर्यंत. बरोबर गवई, कथकवाले, खानसामे सगळे. त्यामुळे इथल्या जुन्या लोकांशी ठुमरीवर बोलायला लागा, कधी खाण्यावर घसरतात कळत नाही. तुमच्यात कोणी शाकाहारी असेल तर रॉयलमध्ये त्याचे हाल होतील, त्याला कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला न्या, लुची (मैद्याची पुरी), छोलार डाळ (हरभऱ्याची), राधावल्लभी (डाळ भरलेली पुरी), आणि पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत, १९१८ पासूनचं दुकान आहे. गायिकेने बर्फ नको म्हणून सांगावं, ऐकतात.

जेवून मग लालबाजारचा टोक, वाद्यांची दुकानं. व्हायोलिन-गिटारसाठी मंडल अँड सन्सचं नाव जुनं आहे. तबला-डग्गा, सतार, तंबोरा, श्रीखोल (कीर्तनातला मातीचा मृदंग) सगळं इथे ओळीने. काही विकत घ्यायचं नसेल तरी काहीतरी दुरुस्तीला न्या, हा माझा खास सल्ला. नुसतं बघायला गेलात तर गिऱ्हाईक, दुरुस्तीला गेलात तर कलाकार. मी एकदा तबल्याच्या पुडीचा (वरच्या चामड्याचा) गजरा, म्हणजे कडेची चामड्याची वेणी, सैल झालेला घेऊन गेलो होतो, त्या दादांनी आधी हातोडी उचललीच नाही, तर्जनीने चाटीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, हळू हळू गोल फिरत ठोकत गेले, सोळाही घरांवर, कान पार खाली नेऊन, आणि मग एकाच घराकडे बोट दाखवून म्हणाले गडबड इथे आहे, बाकी सगळं हे ओढतंय म्हणून. दोन ठोके दिले, झालं. पैसे घ्यायला तयार नव्हते, "एक कायदा वाजवा" म्हणाले, कायदा म्हणजे तबल्यातली बांधीव रचना. डग्गा मला तिकडचा जास्त गोल वाटतो, ही माझी आवड, पुण्यातले माझे मित्र भांडतात यावरून. पुडी नवीन घालून घ्यायची असेल तर पहिल्याच दिवशी टाका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल, घाई केली तर शाई नीट बसत नाही.

दुसऱ्या दिवसाचं फार प्लॅन करू नका. पहाटे उठता आलं तर लालबाजारजवळच टिरेटा बाजार, चिनी लोकांचा नाश्ता, वाफवलेले बाओ, फिशबॉल सूप, आठनंतर गेलात तर रिकामी भांडी बघायला मिळतील. मग इंडियन म्युझियम, हेही सोमवारी बंद. सगळं बघू नका, प्रचंड आहे, १८१४ चं. सरळ भरहूतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्याकडे जा. इसवी सनापूर्वीचा लाल दगड, त्यात एक पॅनल आहे अप्सरांच्या नाचाचं, चौघींची नावं पण कोरलेली, अलंबुसा, मिश्रकेशी, सुभद्रा, पद्मावती, आणि बाजूला साथीला बसलेल्या बायका, एकीच्या हातात धनुष्यासारखी वीणा, एक ताल धरतेय. साथीदारांना इतक्या जुन्या काळी जागा दिली म्हणून मला ते पॅनल जास्त आवडतं, आजकाल पोस्टरवर आमची नावं पण येत नाहीत, असो.

संध्याकाळ गाण्याची. तुमच्या तारखा २२ ते २५ जानेवारीच्या आसपास असतील तर डोव्हर लेन म्युझिक कॉन्फरन्स सोडू नका, १९५२ पासून चालू आहे, रवींद्र सरोवराच्या काठी नजरुल मंचला, रात्रभर. आपल्याकडे सवाईत रात्रभर बसणं बंद झालं त्याला काळ लोटला, इथे अजून पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळतात. शाल आणि माकडटोपी घालून बसलेले आजोबा मागच्या रांगेतून समेला बरोबर मान हलवतात, चुकलात तर तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. सकाळी बाहेर पडल्यावर देशप्रिय पार्कजवळ महाराणीमध्ये चहा-कचोरी, अर्धी कॉन्फरन्स तिथेच उभी असते आणि रात्रीच्या गाण्याचं पोस्टमॉर्टेम चालू असतं, खरं शिक्षण तिथे. आपले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग याच शहरात राहिले आणि २००४ मध्ये इथेच गेले, त्यांच्या आठवणी सांगणारा एखादा म्हातारा भेटतोच.

डोव्हर लेन जमलं नाही तर पार्क स्ट्रीटला ट्रिंकाज, लाइव्ह बँडची परंपरा अजून आहे, उषा उथुप यांचं नाव तिथेच मोठं झालं. महाग आहे, एक ड्रिंक घेऊन बसा. बाउल, म्हणजे बंगालचे फिरते लोकगायक, ऐकायचे असतील तर शहरात शोधू नका, हॉटेलात जे गातात ते टुरिस्टांसाठी. मकरसंक्रांतीला बीरभूममध्ये केंदुलीला जत्रा भरते, बोलपूरपर्यंत ट्रेनने तीनेक तास, पण तुमच्या तारखांना ती होऊन गेलेली असेल, पुढच्या वेळी.

प्रॅक्टिकल दोन गोष्टी. आयोजक हॉटेल न्यू टाउनला देतात, एअरपोर्ट जवळ म्हणून, आम्हाला एकदा दिलं होतं आणि रोज येण्याजाण्यात जीव गेला, आधीच सांगून मध्य कोलकात्यात मागून घ्या, सेंट्रल किंवा गिरीश पार्क स्टेशनच्या आसपास. ट्रेनने येत असाल तर हावड्याहून नदीखालून मेट्रो आहे आता, २०२४ पासून, एस्प्लनेडला सोडते, पण तंबोरा घेऊन गर्दीच्या वेळी चढू नका, टॅक्सीच करा.

आणि परत येताना नोलेन गूर, म्हणजे खजुराचा नवा गूळ, फक्त थंडीत असतो. नकुड या जुन्या मिठाईवाल्याचं त्या गुळातलं संदेश हेदुआजवळ मिळेल पण ते दोन दिवसांच्या वर टिकत नाही, विमानाने जाणार असाल तरच घ्या. ट्रेनवाल्यांनी जयनगरचा मोआ (लाह्या आणि गुळाचा लाडू) घ्यावा, किंवा सरळ गुळाची ढेप. पातळ गूळ मडक्यात देतात, तो तबल्याच्या बॅगेत ठेवू नका.