नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय. आमच्या शहरात महापौरपद वर्षानुवर्षं एकाच पक्षाकडे आहे. मग त्या निवडणुकीत मत देण्याला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण तो नोव्हेंबरात शोधू नका. खरी निवडणूक जूनमध्ये होते, आणि जूनमध्ये मत द्यायचं तर फेब्रुवारीतच जागं व्हावं लागतं. निदान मी राहतो त्या बफेलोत, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात, तरी असंच आहे. हे मला २०२१ साली कळलं, ते मत हुकल्यावर. तुमचं हुकू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी महापौर म्हणजे कोण ते बघू. पुण्या-मुंबईत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी, आणि तिजोरीच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. त्यामुळे महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उद्घाटनं आणि सत्कार येतात. बफेलोत महापौर थेट लोकांतून निवडून येतो, चार वर्षांसाठी, आणि कारभार खरोखर त्याच्या हातात असतो. पोलीसप्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो. समोर नऊ सदस्यांची कॉमन कौन्सिल, म्हणजे इथली नगरसेवकांची सभा, असते. शहरातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढणाऱ्या गाड्याही महापालिकेच्याच. ईरी सरोवरावरून येणारा बर्फ इथे एका रात्रीत कमरेएवढा साचतो. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी 'महापौराने काय फरक पडतो' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही.

आता पक्षाचं. बफेलोत शेवटचा रिपब्लिकन महापौर होऊन गेला तो १९६० च्या दशकात. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ज्याला मिळाली तो महापौर झालाच, असं इथे धरून चालतात. ही उमेदवारी कुणी वरिष्ठ नेता किंवा 'हायकमांड' वाटत नाही. तिच्यासाठी सरकारी यंत्रणेमार्फत रीतसर मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. पण न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीत मत फक्त त्या पक्षाच्या नावाने नोंदणी असलेल्यालाच देता येतं.

मी चुकलो ते इथेच. मतदार नोंदणीच्या अर्जात पक्षाची चौकट असते. ती मी कोरी ठेवली. आपल्याकडे पक्षाचा सदस्य म्हणजे कार्यकर्ता. पावती फाडायची, सभेला जायचं. मला वाटलं, आपण कशाला कुणाचे होऊन बसा, तटस्थ राहिलेलं बरं. प्रत्यक्षात त्या चौकटीत वर्गणी नाही, कार्ड नाही, कसली बांधिलकी नाही. नोव्हेंबरात तुम्ही वाटेल त्या पक्षाला मत देऊ शकता. ती चौकट म्हणजे फक्त प्रायमरीच्या दाराची किल्ली आहे.

२२ जून २०२१ ला मी शाळेच्या व्यायामशाळेतल्या मतदान केंद्रावर गेलो. टेबलामागच्या बाईंनी टॅबलेटवर माझं नाव काढलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तुमची कुठल्याच पक्षात नोंद नाही, त्यामुळे आज तुमच्यासाठी मतपत्रिकाच नाही. आजच पक्ष लिहून दिला तर चालेल का, विचारलं. नाही चालत. त्याची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. त्या बाईंचा काही दोष नव्हता, मला नियम माहीत नव्हता. पण गाडीत बसल्यावर फार वाईट वाटलं. इतकी वर्षं कर भरून, परीक्षा देऊन, शपथ घेऊन मिळवलेला हक्क एका कोऱ्या चौकटीपायी वाया गेला होता.

आणि निवडणूक कोणती, तर बफेलोने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती अशी. एका बाजूला बायरन ब्राउन, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. २००५ पासून सलग चारदा निवडून आलेले, राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं अध्यक्षपदही भूषवलेले. दुसऱ्या बाजूला इंडिया वॉल्टन, चौदाव्या वर्षी आई झालेली, पुढे परिचारिका झालेली, वस्तीतल्या जमिनी लोकांच्या हातात राहाव्यात म्हणून काम करणारी आणि स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारी कृष्णवर्णीय महिला. ब्राउन यांनी तिच्याशी जाहीर वादविवाद करायलाही नकार दिला. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सोळा वर्षं सत्तेवर असलेल्या माणसाने मतदारांसमोर उभं राहून उत्तरं द्यायलाच हवी होती.

नोंदणी असलेल्या डेमोक्रॅट मतदारांपैकी जेमतेम पाचातला एक मतदानाला गेला, आणि वॉल्टन हजारेक मतांनी जिंकल्या. हजार! पावणेतीन लाखांच्या वर वस्तीच्या शहरात. माझ्यासारखे चौकट कोरी ठेवणारे आणि घरी बसलेले मोजले तर हे अंतर काहीच नाही. त्या रात्री वॉल्टन यांनी आईला फोन केला तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. आई, मी जिंकले, मी बफेलोची महापौर झाले, असं त्या ओरडून सांगतात आणि मग म्हणतात, म्हणजे जानेवारीपर्यंत नाही, पण झालेच. मधल्या नोव्हेंबरची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही. प्रायमरीचं वजन किती असतं ते यावरून ओळखा.

पण ब्राउन यांनी हार मानली नाही. नवा पक्ष काढून मतपत्रिकेवर नाव आणायचा प्रयत्न केला. त्याची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि सप्टेंबरात वरच्या न्यायालयांनी नाही म्हटलं. मतपत्रिकेवर महापौरपदासाठी छापील नाव उरलं एकच, वॉल्टन यांचं. रिपब्लिकन उमेदवार नव्हताच. राहिला एक मार्ग. इथल्या मतपत्रिकेवर एक रिकामी जागा असते, तिथे मतदार स्वतःच्या हाताने कुणाचंही नाव लिहू शकतो. त्याला राइट-इन म्हणतात. आपल्याकडे 'नोटा' आला, पण ही सोय नाही.

हजारो लोकांनी न चुकता नाव लिहायचं, तेही एका छोट्या चौकोनात, हे सोपं नसतं. म्हणून ब्राउन यांच्या प्रचारकांनी नावाचे रबरी शिक्के वाटले. शेजारच्या आजींनी त्यांचा शिक्का मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाखवला होता. अंगठ्याएवढा, आत शाई भरलेला. जुन्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी तो दहा-बारा वेळा उमटवून बघितला होता, चौकोनाच्या बाहेर जायला नको म्हणून. मला गावाकडच्या भिंती आठवल्या, 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' आणि त्यापुढे कुणाच्या तरी चिन्हावर मारा शिक्का. आपल्याकडे यंत्रं आल्यावर तो शिक्का फक्त घोषणेपुरता राहिला. इथे अमेरिकेत एक म्हातारी तो पर्समध्ये घालून मतदानाला निघाली होती.

२ नोव्हेंबरला मला मतपत्रिका मिळाली, कारण सार्वत्रिक निवडणुकीला पक्षाची अट नसते. मोठा जाड कागद, नावाजवळच्या लंबगोलात काळ्या पेनने रंग भरायचा, आणि कागद स्वतःच्या हाताने स्कॅनरमध्ये सरकवायचा. मी घाईघाईने घातला तर त्याने तो परत बाहेर ढकलला. दुसऱ्यांदा सावकाश घातल्यावर घेतला. रात्री मोजणीत छापील नावाला किती आणि हाताने लिहिलेल्या नावांना एकूण किती एवढंच समजलं. कोणतं नाव लिहिलंय हे नंतर माणसांनी कागद हातात घेऊन तपासलं. ब्राउन साठ टक्क्यांच्या जवळपास मतं घेऊन पाचव्यांदा महापौर झाले.

हे उदाहरण देऊन कुणी तुम्हाला म्हणेल की बघा, शेवटी नोव्हेंबरच महत्त्वाचा ठरला. तसं समजू नका. सोळा वर्षांची ओळख, पैसा आणि कार्यकर्त्यांची फौज हाताशी होती म्हणून हे जमलं, आणि त्या शहरात तसं पुन्हा घडलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्राउन यांनी मुदतीआधीच पद सोडलं. कौन्सिलचे अध्यक्ष क्रिस्टोफर स्कॅनलन कार्यकारी महापौर झाले. जून २०२५ च्या प्रायमरीत राज्याचे सिनेटर शॉन रायन यांनी त्यांना हरवलं आणि नोव्हेंबरात तेच सहज निवडून आले. म्हणजे पुन्हा जूननेच ठरवलं.

मूठभर मतदार सगळ्या शहराचा कारभारी बदलू शकतात, आणि बाकीच्यांना दारातच थांबवलं जातं, हा नियम मला योग्य वाटत नाही. प्रायमरी सगळ्यांना खुली असावी असं माझं ठाम मत आहे. पण नियम बदलेपर्यंत तो माहीत असणं आपल्या हातात आहे.

तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. सिनसिनाटीत महापौराच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. तिथे आफताब पुरेवाल निवडून आले, त्यांचे वडील पंजाबी आणि आई तिबेटी. मिनियापोलिसला वेगळी प्रायमरी नाही, लोक पसंतीक्रम लावतात. म्हणून तुमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: प्रायमरी आहे का, कधी आहे, आणि माझ्या नावापुढे पक्षाच्या चौकटीत काय लिहिलंय. न्यूयॉर्कमध्ये असाल तर १४ फेब्रुवारीच्या आत फोन करा. मी २०२१ च्या डिसेंबरातच अर्ज भरून टाकला. २४ जून २०२५ ला त्याच व्यायामशाळेत गेलो, टॅबलेटवर सही केली आणि समोरून मतपत्रिका पुढे आली.