सालकांतायला निघताय? आधी खाली उतरा!

प्रश्न: जूनमध्ये पेरूत सालकांताय ट्रेक करायचाय, सह्याद्रीत भरपूर फिरलोय, मग कुस्कोला उतरून दुसऱ्याच दिवशी निघालो तर चालेल ना?

उत्तर: अहो, एवढी घाई नको. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, कुस्को शहरच ३४०० च्या आसपास आणि ट्रेकवरची सालकांताय खिंड ४६०० च्या वर, तिथे नुसत्या फिटनेसवर भागत नाही, विरळ हवेची सवय व्हावी लागते. विमानतळावरून सरळ ओयान्तायताम्बो हे गाव गाठा, ते कुस्कोपेक्षा खाली, २८०० मीटरवर आहे, दोन रात्री काढा, मग कुस्को. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. कोकाचा चहा सगळीकडे मिळतो, पण पानं बॅगेत टाकून भारतात आणू नका, कायद्याने बंदी आहे. जूनमध्ये पाऊस फारसा नसतो, मात्र रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, ती स्लीपिंग बॅगमध्येच घ्या. डोकं दुखून उलट्या लागल्या तर गाईड काहीही म्हणो, वर जायचं नाही, खाली उतरायचं.