किती बदललं की लेख आपला होतो?

किल्ल्यांवर नव्याने लिहू लागलेल्या एका सदस्याने विचारलंय: पुरंदरवरचे चार-पाच ब्लॉग वाचून, शब्द बदलून एक लेख तयार केला तर चोरी म्हणतील का? आणि किती टक्के बदल केला म्हणजे पुरे?

टक्केवारी आधी डोक्यातून काढून टाका. 'तीस टक्के बदललं की झालं' असलं काही आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ११ जून १६६५ला पुरंदरचा तह झाला, महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, ही माहिती कुणाच्या बापाची नाही. कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. हक्क असतो तो मांडणीवर. घोळ इथेच होतो, कारण मांडणी म्हणजे फक्त शब्द असं लोक धरून चालतात.

समजा एकाने लिहिलंय, 'सर दरवाजातून आत शिरलं की वारा अंगावर धावून येतो आणि चढाचा शीण विसरायला होतं.' त्याचं तुम्ही केलंत, 'सर दरवाजातून प्रवेश करताच समीर अंगावर झेपावतो अन् चढणीचा थकवा विस्मरणात जातो.' जवळजवळ सगळे शब्द बदलले, वाक्याची पार वाट लागली, आणि उचलेगिरी होती तशीच राहिली! वारा आणि शीण एकत्र आणणारं निरीक्षण त्या माणसाचं आहे. कुठला किस्सा आधी, कुठला नंतर, काय गाळायचं, हेही त्याचंच. चौघांकडून थोडंथोडं उचललं म्हणून ते तुमचं होत नाही.

उचललेलं बहुधा चुकांवरून पकडलं जातं. एकजण डावीकडचं टाकं उजवीकडे लिहून मोकळा होतो, आणि पुढे प्रत्येक ब्लॉगवर ते टाकं उजवीकडेच सापडतं. गडावर गेलेला वाचक काय ते समजून जातो.

म्हणून ब्लॉगवर थांबू नका, त्याने कुठून घेतलं तिथवर जा. उदाहरणार्थ, 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार गो. स. सरदेसाई १९५९ला गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांनी स्वतःच्या नावाने छापलेलं लेखन जानेवारी २०२०पासून मोकळं झालं. मात्र नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना मोकळ्या नसतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आणि मोकळं झालं तरी नाव सरदेसायांचंच लिहायचं.

समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायला त्याच कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद मात्र 'स्वतःचं लिखाण' नाही, त्याला मूळ लेखकाची परवानगी लागते. विकिपीडियावरचं घेता येतं, पण श्रेय देऊन, आणि त्यात फेरफार केलात तर तुमचा मजकूरही त्याच परवान्याखाली खुला ठेवून.

राहता राहिलं 'साभार'. अख्खा लेख चिकटवून खाली 'साभार' लिहायचं ही आपल्याकडची जुनी खोड. आभार मानले म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. 'लेखक अज्ञात'चंही तेच. लेखक बहुतेक वेळा अज्ञात नसतोच, त्याचं नाव मधल्या कुणीतरी कापलेलं असतं. एखादं ठसठशीत वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा, पुष्कळदा मूळ लेख निघतो. (न निघाल्यास पु. ल. किंवा व. पुं.च्या नावावर खपवू नका. त्या दोघांच्या खात्यावर आधीच बरंच न लिहिलेलं जमा आहे.) लेखकाने हक्क विकले तरी आपलं नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ त्याच्याकडेच ठेवतं.

तुमच्या लेखात पुरंदरवरच्या केदारेश्वर मंदिराच्या वाटेचं वर्णन ज्याच्यावरून घेतलंय त्याचं नाव त्याच परिच्छेदात द्या, लिंकसकट. तळाशी 'संदर्भ: इंटरनेट' लिहू नका. आणि त्याला एक मेल टाका. किल्लेवाले सहसा नाही म्हणत नाहीत, उलट चार फोटो पाठवतात आणि तुमच्या दोन चुकाही काढतात.