३० हजारांत पहिली कयाक कोणती घ्यावी? धरण, नदी, खाडी, कधीतरी समुद्र, सगळीकडे चालायला हवी. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो.

हवा भरायची घेऊ नका. बाकीचं नंतर बोलू.

तुमच्या प्रश्नातलं ‘फ्लॅटमध्ये राहतो’ वाचलं आणि आमचे साडू डोळ्यांपुढे उभे राहिले. “अहो, पिशवीत मावते. कपाटावर टाका, डिकीत घाला, कुठेही न्या.” मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे लगेच पटलं. दोघांची, फुगवायची, पंपासकट सोळा हजारांना घेतली. पवना धरणाच्या पाण्यात दोन-तीन रविवार मजेत गेले. सकाळी सातला वारा नसतो, पाणी अगदी निवांत. अशा पाण्यात लाकडी पाटावर बसलात तरी तरंगाल. आम्ही त्यावरून होडी पास केली.

मग मालवणजवळचं देवबाग. पौर्णिमेचा दुसरा दिवस. कोकणात भरतीचा हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी बाराच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार, तेही उधाणाचं. बेत असा की सकाळी भरतीबरोबर कर्ली नदीत वर जायचं, जेवून ओहोटीबरोबर खाली यायचं. फुकटचा प्रवास! लक्षात हे आलं नाही, की ओहोटीचा जोर मधल्या दोन तासांत असतो, म्हणजे तीनच्या आसपास, आणि खारे वारेही तेव्हाच भरात असतात. निघताना जाळं निवडत बसलेल्या आजोबांनी विचारलं, “हो फुगो घेवन खंय चल्लास?” साडू हसले. मीही हसलो.

परतताना होडी कशीच ऐकेना. फुगवलेल्या होडीच्या कडा जाड, तळ सपाट, वजन नाही. ती पाण्यात बसतच नाही, पाण्यावर ठेवल्यासारखी असते. काठाकडे तोंड केलं की वारा ते पुन्हा फिरवायचा. साडू मागून ओरडताहेत, “उजवीकडे, उजवीकडे!” आणि मी डावं वल्हं मारतोय, कारण उजवीकडे वळायला डावंच मारावं लागतं. हे त्यांना तेव्हाही पटलं नाही, अजूनही नाही. आमच्या मुक्कामाच्या घराची पायरी समोरून निघून गेली. पायरीवर बायको उभी, ती हात हलवून आम्हाला टाटा करत होती.

पुढे संगम. तिथे ओहोटीचं पाणी समुद्राच्या लाटांना भिडतं आणि पांढरं उसळत राहतं. ते दिसल्यावर मी होडी मुद्दाम काठाच्या दगडांवर घातली. दगडांवर कालवं. कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते. फाटल्याचा आवाजसुद्धा आला नाही, फक्त माझ्या मांडीखालची बाजू मऊ पडत गेली, टोपलीत टाकलेला फुलका बसत जातो तशी. पोटरीवर खूण अजून आहे.

साडूंचं निदान: “वल्हवता येईना, खाडी वाकडी.” प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हे ऐकून घेतो मी.

तर तुमचं. दहा फुटांच्या आसपास, २८ ते ३० इंच रुंद, वर बसायची म्हणजे सिट-ऑन-टॉप, कडक प्लास्टिकची, आणि एकट्याची. दोघांची अजिबात नको, कारण वर सांगितलं. सिट-ऑन-टॉपवर आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं, आणि उलटली तर सुलटी करून परत चढता येतं. आत बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की नवशिक्याला काठ गाठल्याशिवाय उपाय नाही. आठ फुटी घेऊन पैसे वाचवू नका, ती दर वल्ह्याला मान हलवत चालते. चौदा फुटी सुरेख सरळ धावते, पण ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून दाखवा.

जुनीच घ्या. मी मे अखेरीस एका वॉटरस्पोर्टवाल्याकडून बावीस हजारांना घेतली. पावसाळ्याआधी त्यांनाही ती अडचणच असते. उलटी करून तळ बघा, भोकांच्या कडा आणि वाळूवरून ओढताना घासतं ते मागचं टोक. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन, त्याला गोंद धरत नाही, चीर वितळवूनच सांधावी लागते. उन्हात पडून रंग पांढुरका झालेला असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय समजा. उरलेल्या पैशांत अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट आणि २३० सेंटिमीटरच्या आसपासचं हलकं वल्हं. जड वल्हं तासाभराने खांदे काढतं.

वजन भरेल वीस-बावीस किलो. टपावर चढवायला दुसरा माणूस लागतो. जागेचं सेक्रेटरींशी गोड बोलून जमवा, मी दिवाळीचा फराळ दिला होता.

आता थोडं मागे येतो. फक्त धरणातच, तेही सकाळीच जाणार असाल, तर फुगवायचीही चालेल. जाड कापडाच्या, जास्त दाबाच्या तळाच्या येतात त्या आमच्या फुग्याहून पुष्कळ बऱ्या, पण महाग. धरणात उतरण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. मी सांगतोय ती कयाक कोलाडच्या कुंडलिका नदीतल्या उसळत्या पाण्यासाठी नाही. आणि नारळी पौर्णिमेआधी समुद्राचं नाव काढू नका.

आणि हो, साडू हे वाचतील म्हणून सांगतो. होडीच्या तळाला एक छोटी फिन लावायची असते, त्याने तोंड सरळ राहतं. त्या दिवशी ती पुण्यात राहिली होती. असती तर बहुधा आम्ही पायरीला लागलो असतो, हे मला मान्य आहे. पिशवी साडूंनी भरली होती.